शून्याच्या डावीकडे

१

शुक्रवारी जालन्याच्या एमआयडीसीला लाइटची सुट्टी असायची, म्हणून देवानंद म्हस्के सरांचं संशोधन शुक्रवारी चालायचं. बाकीचे सहा दिवस लोखंडाच्या मिला सुरू असत आणि त्यांनी एकदा लाइट ओढायला घेतली की कॉलेजातल्या ट्यूबलाइटी लुकलुकायला लागत. तशा लाइटीवर लेझर चालवायचा म्हणजे तो जळायचीच भीती. तेव्हा बदनापूरहून सकाळची पॅसेंजर पकडायची, स्टेशनपासून कॉलेजपर्यंत पायी यायचं आणि दहा वाजता मागच्या आवारातल्या खोलीत शिरायचं, असा सरांचा १९९५ सालचा शुक्रवार.

खोली उघडून ठेवायला रामकिसनमामा आठलाच आलेले असत. मामा प्रयोगशाळेतले शिपाई. तीस वर्षं नोकरी झालेली, दीड वर्ष राहिलेली. गाव कुंभार पिंपळगाव. मोसंबीची कलमं बांधण्यात त्यांचा हात असा की लोक घनसावंगीहून बोलवायला येत. रिटायर झालं की गावी रोपवाटिका टाकायची, हे त्यांचं ठरलेलं. नळीतली हवा उपसणारा पंप दोन तास आधी सुरू करावा लागे आणि तो पंप मामांशिवाय कुणाला दाद देत नसे.

नळी म्हणजे मीटरभर लांब स्टीलचा पाइप. लेझर पुण्याच्या एका संस्थेनं जुना झाला म्हणून बाजूला काढलेला. सरांनी हातापाया पडून मार्चअखेरपर्यंत उसना आणलेला. मार्चअखेरलाच सरांच्या पीएच.डी.ची मुदत संपत होती. दोनदा वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा मिळणार नाही, असं विद्यापीठानं स्वच्छ कळवलं होतं.

"सर, आपण करून काय राह्यलो, ते तरी सांगा," मामांनी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं.

सरांनी खिशातून कपाटात ठेवायची डांबर गोळी काढली. हिच्या रेणूत कार्बनच्या दोन कड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, म्हणाले. आपला हा उजेड जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा. पाण्याला, हवेला तो शिवतसुद्धा नाही. कडीवाला रेणू दिसला की मात्र धरतो. उजेडाचा पहिला कण रेणूला स्टुलावर चढवतो, दुसरा माळ्यावर. माळ्यावर गेला की त्याचा एक इलेक्ट्रॉन निसटून जातो.

"आन् तिसरा?"

"तिसरा, चौथा आला की रेणूचे तुकडे होतात."

"म्हंजे माळ्यावरून पाडून तंगडं मोडायचं. बराबर." मामांनी मान डोलावली. वर्गातल्या साठ पोरांना जे वर्षभरात कळत नाही ते या माणसाला एका दमात कळलं, म्हणून सर खूश झाले.

ते तुकडे नळीतून धावत जात. हलका आधी पोचे, जड मागून. जो पोचेल त्याची एक उभी रेघ यंत्राच्या पडद्यावर उमटे. उजेड पडला तो क्षण म्हणजे शून्य; सगळ्या रेघा शून्याच्या उजवीकडे. कोणती रेघ शून्यापासून किती लांब, यावरून तुकड्याचं वजन कळे. अख्खा रेणू एकशे अठ्ठावीसला. उजेड वाढवला की एकशे अठ्ठावीस खचे आणि अलीकडे बारक्या तुकड्यांचं रान माजे. किती उजेडाला काय तुटतं, एवढाच सरांचा प्रबंध.

न दिसणारा उजेड नेमका नळीच्या खिडकीवर पडतोय का, हे बघायचं काम मामांचं. त्याला पांढरं कार्ड असतं. पण मामा आपली टोपी काढून धरत. द्वारकाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, कपडे चमकवायच्या पुडीत धुतलेली ती टोपी त्या उजेडात अशी निळी पेटे की कार्डानं लाजावं. मामा डावा डोळा मिटून, उजव्यानं तो निळा ठिपका न्याहाळत. कलम बांधतानाही त्यांची हीच सवय. खोलीच्या मधोमध टांगलेल्या काळ्या पडद्याच्या अलीकडून सर एकेक ठिणगी सोडत आणि विचारत, "पडला का?" मामा म्हणत, "जरा उजवीकडं. हां. आता हटलो." मग सर खरं माप घेत.

२

जानेवारीच्या तिसऱ्या शुक्रवारी सर पडद्यावर बटर पेपर लावून पेन्सिलीनं रेघा गिरवत होते. कॅमेऱ्याचा खर्च परवडत नव्हता, म्हणून हे असं. गिरवता गिरवता पेन्सिल कागदाच्या डाव्या कडेला थांबली.

शून्याच्या डावीकडे रेघा होत्या.

बारीक होत्या, पण होत्या. यंत्र शून्याच्या थोडं आधीपासून नोंद ठेवतं, तेवढ्या पट्टीत नेहमी सपाट रेघ असायची. आज तिथं पाच-सहा उभ्या रेघा, आणि त्यांची आपसातली अंतरं उजवीकडच्या रेघांसारखी तंतोतंत.

म्हणजे उजेड पडायच्या आधी तुकडे पोचलेले.

"मामा, वायर हलली का हो?"

"न्हाई बा. मी तर पंपापाशी बसून राह्यलो."

सरांनी वायर बदलली. रेघा होत्या. अर्थिंग तपासलं, तरी होत्या. मग उजेडापुढे पुठ्ठा धरला, तेव्हा उजवीकडच्या गेल्या आणि डावीकडच्याही गेल्या. पुठ्ठा काढला, दोन्ही आल्या. सर हसले. कुठला तरी जुना सिग्नल यंत्राच्या पोटात राहत असेल आणि पुढच्या वेळी बाहेर पडत असेल. म्हातारं यंत्र आहे, चालायचंच. त्यांनी टिफिन उघडला, पण भाकरीचा घास तोंडात तसाच राहिला. पंपाची घरघर चालू होती. पुठ्ठा धरायचं मनात यायच्या आधीच डावीकडच्या रेघा गेल्या होत्या, असं त्यांना उगाचच वाटून गेलं.

३

जुना सिग्नल असेल तर तो मागचं दाखवील. पुढचं कसं दाखवील? एवढी साधी परीक्षा होती. पुढच्या शुक्रवारी सरांनी ती घेतलीच.

एव्हाना डावीकडच्या रेघा आणखी डावीकडे सरकल्या होत्या, इतक्या की त्या शून्यासोबत एका पडद्यावर मावत नव्हत्या. सरांनी लेझर न सोडताच नुसतं यंत्र नोंदीला लावलं. नळीत डांबर गोळी होती. पडद्यावर रेघा उमटल्या त्या मात्र डांबर गोळीच्या नव्हत्या. ब्याण्णव, एक्याण्णव, पासष्ट. रंगाच्या दुकानात वास येतो त्या टोल्युइनच्या.

टोल्युइनची बाटली कपाटात होती, बूचबंद. सर तिच्याकडे बघत बसले. आज टोल्युइन घ्यायचंच नाही, त्यांनी ठरवलं. मनातल्या मनात दोनदा ठरवलं.

अर्ध्या तासानं मामा म्हणाले, "सर, डांबर गोळी संपली की. आता काय भरू?"

"संपली? सकाळी डबी भरलेली होती ना?"

"डबी उपडी झाली पंपाखाली. तेलात भिजल्या सगळ्या गोळ्या. हे बघा." मामा ओशाळले. "बाटलीतलं भरू का? शुक्रवार वाया कशाला घालवायचा?"

शुक्रवार वाया घालवायची सोय नव्हती. मार्चअखेरपर्यंत आठच शुक्रवार उरले होते. टोल्युइन भरलं, लेझर सोडला, आणि उजवीकडे ब्याण्णव, एक्याण्णव, पासष्ट शिस्तीत उभे राहिले. त्या दिवशी सरांची परतीची गाडी चुकली. गाडी समोरून गेली आणि ते बाकावर बसून होते.

४

"डाक्टर झालास का रं?" दारातच मालनबाईंचा प्रश्न. सरांची आई. सत्तरीची. सहा वर्षं रोज हाच प्रश्न.

"होतो, माय. मार्चात."

"तुझा बाप लोकाच्या वावरात राबला. तू लोकायला उजेड मोजून दावून राह्यला. मला आन् काय पाह्यजे?" म्हातारी चुलीकडे वळली. तिला काय सांगायचं? की मोजलेला उजेड उलटा चालायला लागलाय?

त्या रात्री, आणि नंतरही, सरांनी जे केलं ते सांगताना मला त्यांचा राग येतो. पण त्यांच्या जागी मी काय वेगळं केलं असतं, हेही छातीठोक सांगवत नाही. त्यांनी बटर पेपरचे सगळे कागद टेबलावर मांडले, कात्री घेतली, आणि प्रत्येक कागदाची शून्याच्या डावीकडची पट्टी कापून टाकली. प्रबंधाला उजवी बाजू लागत होती. ती निर्दोष होती. परीक्षकापुढे डावी बाजू ठेवली असती तर यंत्र बिघडलंय म्हणून सगळंच फेकून दिलं असतं त्यानं. खोटं काही केलं नाही, सर स्वतःला म्हणाले. कापलेल्या पट्ट्या त्यांनी जाळल्या मात्र नाहीत. गुंडाळी करून ट्रंकेत ठेवल्या.

५

शेवटून दुसरा शुक्रवार. ऊन चढलं होतं. खोलीच्या काचांना काळा कागद लावलेला, त्यामुळे आत नुसती गरमी आणि पंप. सर आत आले तेव्हा मामा पंपाचं तेल आणायला बाहेर गेले होते. नळी रिकामी होती, लेझरचं बटणही बंद होतं. सरांनी सवयीनं फक्त यंत्राचा पडदा लावला.

रेघा उमटल्या. तीन ठळक आणि पायाशी बारीकसारीक कचरा. एकशे तीस. एकशे सात. एक्याण्णव.

सरांनी हे आकडे पाहिले होते, पण आपल्या पडद्यावर नाही. फाइलमध्ये एका आलेखाची झेरॉक्स होती, परदेशातल्या कुणीतरी मांस-प्रथिनांवर असाच उजेड टाकून काढलेल्या. प्रथिनं मोठी असतात, पण त्यांच्यात कडीवाले घटक तीनच. उजेड त्यांनाच धरतो. त्या तिघांचे तुकडे म्हणजे एकशे तीस, एकशे सात, एक्याण्णव.

जिवंत अंगातले तुकडे होते ते.

सर स्टुलावर बसले. मग डोकं चालायला लागलं, ते फार भराभर चाललं. बोटाचा ठसा! मामांनी नमुन्याची तबकडी घाम आलेल्या हातानं धरली असणार, तेच हे. पण लेझर बंद होता. मग मागचं राहिलेलं असेल. पण मागचं कधी दाखवलं होतं यानं? बरं, दाखवलं पुढचं, तरी ते या खोलीतलंच कशावरून? नळी तर बंद आहे. बाहेरच्या माणसाच्या अंगाचा कण तिच्यात शिरेल कसा? शिरूच शकत नाही. ज्या अर्थी शिरू शकत नाही, त्या अर्थी हे खोटं. एवढं सिद्ध करून त्यांना बरं वाटलं.

रेघा पडद्यावर उभ्याच होत्या. त्यांनी पडदा बंद केला.

"सर, काही झालं का?" मामा दारात तेलाचा डबा घेऊन उभे. "तोंड उतरलंय तुमचं."

सांगायचं होतं. अगदी ओठावर आलं होतं. पण सांगितलं तर मामा म्हणणार, राहू द्या सर, बंद करा. आणि शेवटचं माप, सगळ्यात तीव्र उजेडाचं, त्याच्याशिवाय प्रबंध लंगडा होता.

"काही नाही, मामा. ऊन लागलं."

६

शेवटच्या शुक्रवारी सर जाताना चष्म्याच्या दुकानात शिरले आणि बिननंबरी काचेचा चष्मा घेतला. साधी काचसुद्धा हा उजेड आत येऊ देत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. आपण सांगितलं नाही, पण बंदोबस्त केला, असं स्वतःला म्हणत ते कॉलेजात आले.

"हे काय, मला शहरी करून राह्यले का?" मामांनी चष्मा घातला आणि आरशात बघून हसले. "द्वारका वळखायची न्हाई."

"काढायचा नाही, मामा. काही झालं तरी. माझी शपथ आहे."

"न्हाई काढत, सर. बिलकुल न्हाई."

पंप घरघरत होता. सर काळ्या पडद्याच्या अलीकडे, बटणापाशी. मामा पलीकडे, टोपी हातात घेऊन खिडकीपाशी. सरांनी उजेड वाढवला आणि एक ठिणगी सोडली. लेझरची टक् झाली.

"पडला का?"

पलीकडून मामांचा आवाज, जरा गोंधळलेला. "दिसंना, सर. अजून एक मारा."

टक्.

"आता?"

"न्हाई दिसत. थांबा जरा." काहीतरी पुसल्याचा आवाज आला. चष्मा घासतायत टोपीनं, सरांना कळलं. घासू देत. काच स्वच्छ असलेली बरी. सरांनी घड्याळात पाहिलं. चार वाजले की शिकवणीचा वर्ग या खोलीशेजारी बसणार होता. वेळ भराभर जात होता.

"मामा, आवरा."

"हां. मारा आता."

सरांनी बटण दाबलं.

टक् नेहमीसारखीच झाली. ओरडणं वगैरे काही झालं नाही. फक्त टोपी जमिनीवर पडल्याचा, नंतर माणूस हळूच भिंतीला टेकून खाली बसल्याचा आवाज आला. सरांनी काळा पडदा बाजूला सारला. मामा भिंतीशी बसले होते, उजव्या डोळ्यावर तळहात दाबून. चष्मा टेबलावर होता, नीट घडी घालून ठेवलेला.

मामांना उचलताना सरांची नजर एकदाच यंत्राच्या पडद्याकडे गेली. शून्याच्या उजवीकडे तीन रेघा उभ्या होत्या. ते आकडे त्यांनी वाचले नाहीत.

७

बुबुळावर फूल पडलं. जालन्यात, मग औरंगाबादेत दाखवलं; उजवा डोळा गेला तो गेलाच. सरांचा प्रबंध एकतीस मार्चला विद्यापीठात पोचला. शेवटचं माप त्यात नव्हतं. तरी पास झाला. लेझर पेटीत घालून पुण्याला परत गेला. मालनबाईंनी गल्लीत साखर वाटली.

मामांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. सरांना कुंभार पिंपळगावला जायचा धीर व्हायला पुढचा पावसाळा गेला. पेढ्यांचा पुडा घेऊन गेले. मामा बांधावर बसले होते, पुढ्यात मोसंबीची रोपं, हातात कलम करायचा चाकू. आता डाव्या डोळ्यानं काम चाललं होतं. द्वारकाबाई कलमाला बांधायच्या पट्ट्या कापून देत होत्या.

"या डाक्टरसाहेब!" मामा एवढे आनंदले की सरांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

द्वारकाबाई चहा टाकायला घरात गेल्या तेव्हा सरांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. डावीकडच्या रेघा, टोल्युइन, एकशे तीस, कापलेल्या पट्ट्या. "मला माहीत होतं, मामा. आठ दिवस आधी माहीत होतं. मी बोललो नाही." त्यांना रडू आलं. ते आवरत बसले नाहीत.

मामांनी हातातलं रोप बाजूला ठेवलं.

"मंग तुम्हाला एक सांगतो, सर. मी बी कुणाला बोल्लो न्हाई." त्यांनी चाकूची धार अंगठ्यावर पाहिली. "तुम्ही पहिली ठिणगी मारली ना, त्याच्या आधीच माझ्या उजव्या डोळ्यापुढं धुरकट झाल्तं. सकाळी पंप लावतानाच. चष्मा घातल्यावर वाटलं काच बी खराब असंल, म्हून पुसली. तरी धुरकट. म्हून तर चष्मा काढला. तरी ठिपका दिसंना, म्हून खाली वाकलो, टोपीच्या जवळ. अगदी जवळ."

सरांनी त्यांच्या उजव्या डोळ्यावरच्या फुलाकडे पाहिलं.

"डोळा आधी गेल्ता, सर. उजेड मागून आला."

"मग बोलला का नाहीत, मामा? डोळ्यालाच दिसत नाही म्हणून?"

"तुमचा आखरी शुक्रवार होता की. मी बोल्लो असतो, तर तुम्ही बंद केलं असतं."

वाऱ्यानं रोपं हलत होती. मामांनी पुढचं रोप ओढलं, सालीवर चाकूचं टोक टेकवलं, आणि थांबले. डावा डोळा चोळला. रोप आणखी जवळ घेतलं. मान वाकवली. टोक आणि डोळा यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं, मग तीन बोटांचं.

"काय झालं, मामा?"

"काई न्हाई. आज सकाळपासून या बी डोळ्याला जरा धुरकट येऊन राह्यलंय. वय झालं."

"मामा!" सर एवढ्या मोठ्यानं ओरडले की द्वारकाबाई दारात आल्या. "चाकू ठेवा. खाली ठेवा तो. आत्ताच्या आत्ता!"

मामा दचकले. सरांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. त्यांनी चाकू हळूच मातीवर ठेवला, लांब सरकवला, दोन्ही हात मांडीवर घेतले. सर वाट पाहत राहिले.

"ठेवला, सर," मामा म्हणाले. डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. "पण अजून तसंच दिसून राह्यलंय."